मॉडेल रेल्वेतील एलईडी दिवे आणि डीसीसी डिकोडर

मॉडेल रेल्वेच्या इंजिनात किंवा डब्यात बसवलेले एलईडी दिवे डिजिटल कमांड कंट्रोल, संक्षेपाने डीसीसी, या पद्धतीच्या डिकोडरला जोडून त्यांचे स्वतंत्र नियंत्रण करता येते. अशा जोडणीत दिव्याचे धन टोक डिकोडरच्या निळ्या सामाईक तारेकडे आणि ऋण टोक संबंधित फंक्शन तारेकडे जोडले जाते. प्रत्येक एलईडीच्या मार्गात विद्युतधारा मर्यादित ठेवणारा रोधक, म्हणजेच रेझिस्टर, असणे आवश्यक असते. जोडणी नीट केल्यास इंजिन उभे असतानाही दिवे पूर्ण तेजाने लागतात, दिशेनुसार बदलतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. रोधक वगळल्यास एलईडी तत्काळ जळतो, तर निळी तार चुकून रुळाशी अथवा इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याशी टेकल्यास दिव्यापेक्षा कितीतरी महाग असलेला डिकोडर कायमचा निकामी होऊ शकतो.

पार्श्वभूमी

डीसीसीपूर्वीच्या मॉडेल रेल्वेत रुळांना एकदिश विद्युतपुरवठा दिला जाई आणि त्याचा दाब कमी-जास्त करून गाडीचा वेग बदलला जाई. दिवे त्याच रुळांवरून वीज घेत असल्यामुळे गाडी हळू चालताना ते मंद होत आणि गाडी थांबली की विझत. दिव्यांसाठी गव्हाच्या किंवा तांदळाच्या दाण्याएवढे तंतुदीप वापरले जात. ते तापत असल्याने प्लॅस्टिकचे कवच मऊ पडण्याचा धोका असे. शिवाय तंतू तुटला की कवच उघडून नवा बल्ब बसवावा लागे.

एकाच रुळावर अनेक इंजिने स्वतंत्रपणे चालवण्यासाठी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून निरनिराळ्या अंकीय पद्धती बाजारात आल्या. ब्रिटनमधील हॉर्नबी कंपनीची झीरो-१ ही पद्धत १९७९ मध्ये आली. आजच्या डीसीसीचा पाया जर्मनीतील लेन्झ इलेक्ट्रॉनिक या कंपनीने १९८० च्या दशकात विकसित केलेल्या संदेशपद्धतीवर आधारलेला आहे. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन, संक्षेपाने एनएमआरए, ही संस्था १९३५ मध्ये स्थापन झाली. या संस्थेने १९९० च्या दशकात लेन्झच्या पद्धतीवरून खुली मानके तयार केली. त्यामुळे एका निर्मात्याचा डिकोडर दुसऱ्या निर्मात्याच्या नियंत्रकावर चालू लागला. युरोपात मोरोप या महासंघाची एनईएम मानके याच प्रकारे वापरली जातात.

डीसीसीमध्ये रुळांवर सतत पूर्ण दाब असतो. वेग आणि दिवे यांचे आदेश त्याच विजेतून संदेशरूपाने पाठवले जातात. प्रत्येक इंजिनातील डिकोडर आपल्या पत्त्यावर आलेला आदेश ओळखून मोटार व दिवे चालवतो. त्यामुळे दिव्याचे तेज गाडीच्या वेगावर अवलंबून राहत नाही.

डिकोडरच्या दिव्यांच्या मंडलाचे कार्य

डीसीसीच्या रुळांवरील विजेची ध्रुवता सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते. संदेशातील ‘१’ या अंकासाठी प्रत्येक अर्धतरंग सुमारे ५८ मायक्रोसेकंदांचा, तर ‘०’ या अंकासाठी निदान १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास असतो. एलईडी मात्र एकाच दिशेने वीज वाहू देतो. म्हणून डिकोडरमध्ये प्रथम चार डायोडांचा एकदिशकारी सेतू असतो. तो रुळांवरील उलटसुलट वीज एकदिश करतो.

या सेतूचे धन टोक म्हणजे निळी तार होय. ती सर्व दिव्यांना सामाईक असते आणि इंजिन रुळांवर असेपर्यंत तिच्यावर दाब कायम असतो. पांढरी, पिवळी, हिरवी इत्यादी फंक्शन तारा डिकोडरमधील एकेका ट्रान्झिस्टरला जोडलेल्या असतात. दिवा लावण्याचा आदेश आला की संबंधित ट्रान्झिस्टर ती तार सेतूच्या ऋण टोकाशी जोडतो आणि मंडल पूर्ण होते. थोडक्यात, डिकोडर दिव्याला वीज ‘देत’ नाही. वीज निळ्या तारेतून आधीच उपलब्ध असते आणि डिकोडर फक्त तिचा परतीचा मार्ग उघडतो व बंद करतो. घरातील विद्युतजोडणीत बटण फेजच्या तारेवर असते. येथे ते ऋण बाजूला असते. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे नवख्या हौशींकडून जोडणी उलट होते.

सेतूतून जाताना दोन डायोडांवर मिळून सुमारे १.४ व्होल्ट दाब खर्च होतो. रुळांवर १४ व्होल्ट असल्यास निळी तार आणि चालू फंक्शन तार यांच्यात सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात. रोधकाची गणना करताना हाच आकडा धरला जातो.

तारांचे रंग

एनएमआरएच्या शिफारशीनुसार डिकोडरच्या तारांचे रंग पुढीलप्रमाणे असतात.

- लाल : उजव्या रुळाकडून येणारी वीज
- काळा : डाव्या रुळाकडून येणारी वीज
- नारिंगी : मोटारीचे एक टोक
- करडा : मोटारीचे दुसरे टोक
- निळा : दिव्यांसाठी सामाईक धन
- पांढरा : पुढचा दिवा
- पिवळा : मागचा दिवा
- हिरवा : पहिले अतिरिक्त फंक्शन
- जांभळा : दुसरे अतिरिक्त फंक्शन

उजवा-डावा हा क्रम इंजिन पुढे जात असताना त्याच्या दिशेकडे तोंड करून ठरवला जातो. नियंत्रकावरील एफ-० ही कळ साधारणपणे पांढऱ्या व पिवळ्या तारांसाठी असते. गाडी पुढे जाताना पांढऱ्या तारेवरील, तर मागे जाताना पिवळ्या तारेवरील दिवा लागतो. तारेचा रंग दिव्याच्या प्रकाशाचा रंग दर्शवत नाही. पिवळ्या तारेला पांढरा एलईडी आणि पांढऱ्या तारेला उबदार पिवळसर एलईडी जोडता येतो.

एलईडीचे गुणधर्म

एलईडी हा प्रकाश देणारा डायोड आहे. त्याचे धन टोक धनाग्र आणि ऋण टोक ऋणाग्र म्हणून ओळखले जाते. वीज धनाग्राकडून ऋणाग्राकडेच वाहते. ३ किंवा ५ मिलिमीटर व्यासाच्या नेहमीच्या एलईडीत लांब पाय धनाग्राचा असतो आणि काठावरील सपाट बाजू ऋणाग्र दाखवते. पृष्ठभागावर डाखण्याच्या चिमुकल्या एलईडींवर ऋणाग्राकडे बहुधा हिरवी खूण असते. मात्र सर्व निर्माते ही प्रथा पाळत नाहीत. म्हणून बसवण्यापूर्वी मल्टिमीटरच्या डायोड चाचणीने ध्रुवता तपासली जाते.

एचओ प्रमाणाच्या, म्हणजे १:८७ च्या, इंजिनांत पूर्वी ३ मिलिमीटरचे एलईडी प्रचलित होते. १:१६० या एन प्रमाणात तेवढी जागा नसते. तेथे ०८०५, ०६०३ आणि ०४०२ या मापांचे एलईडी वापरले जातात. त्यांपैकी ०६०३ मापाचा एलईडी सुमारे १.६ × ०.८ मिलिमीटर, तर ०४०२ मापाचा सुमारे १.० × ०.५ मिलिमीटर असतो. अशा एलईडींना मुलामा दिलेली केसासारखी बारीक तांब्याची तार डाखतात.

पेटलेल्या एलईडीवरील दाब त्याच्या रंगानुसार ठरतो. लाल आणि पिवळ्या एलईडीवर सुमारे २ व्होल्ट, तर निळ्या व पांढऱ्या एलईडीवर सुमारे ३ ते ३.४ व्होल्ट दाब असतो. पांढरा एलईडी हा वस्तुतः निळा एलईडी असून त्यावरील पिवळ्या प्रस्फुरक थरामुळे प्रकाश पांढरा दिसतो. निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधाआधी मॉडेल इंजिनाच्या शिरोदीपासाठी पांढरा एलईडी उपलब्धच नव्हता. सुरुवातीच्या पांढऱ्या एलईडींचा प्रकाश निळसर असल्याने तो जुन्या इंजिनांना विजोड वाटे. आता सुमारे २,७०० ते ३,००० केल्विन रंगतापमानाचे उबदार पांढरे एलईडी मिळतात आणि वाफेच्या किंवा जुन्या डिझेल इंजिनांसाठी तेच पसंत केले जातात.

रोधकाची निवड

तंतुदीप तापला की त्याचा रोध वाढतो आणि विद्युतधारा आपोआप मर्यादित राहते. एलईडीत असे घडत नाही. ठरावीक दाबापुढे दाबात थोडी वाढ झाली तरी धारा झपाट्याने वाढते. रोधकाविना १२ व्होल्टांना जोडलेला एलईडी क्षणार्धात जळतो. त्याच वेळी फंक्शनचा ट्रान्झिस्टरही जळू शकतो. रोधकाचे मूल्य पुढील सूत्राने काढतात.

रोध = (पुरवठ्याचा दाब − एलईडीवरील दाब) ÷ विद्युतधारा

रुळांवर १४ व्होल्ट, निळ्या तारेवर १२.६ व्होल्ट, पांढऱ्या एलईडीवर ३.२ व्होल्ट आणि १० मिलिअँपिअर धारा धरल्यास ९.४ ÷ ०.०१० = ९४० ओहम हे उत्तर येते. बाजारात मिळणारे त्याजवळचे मूल्य १,००० ओहम म्हणजे १ किलोओहम आहे. या रोधकावर सुमारे ०.०९ वॅट उष्णता निर्माण होते. म्हणून पाव वॅटचा रोधक निर्धोक ठरतो.

आधुनिक एलईडी अतिशय कार्यक्षम असल्याने १० मिलिअँपिअरवर त्यांचा प्रकाश लहान प्रतिकृतीत डोळ्यांत खुपणारा होतो. वरील उदाहरणात रोधक बदलल्यास पांढऱ्या एलईडीतील धारा अशी राहते.

- १ किलोओहम : सुमारे ९.४ मिलिअँपिअर
- २.२ किलोओहम : सुमारे ४.३ मिलिअँपिअर
- ४.७ किलोओहम : सुमारे २ मिलिअँपिअर
- १० किलोओहम : सुमारे ०.९ मिलिअँपिअर

शिरोदीपासाठी १ ते ४.७ किलोओहम, तर चालककक्षातील किंवा कडेच्या खुणेच्या दिव्यांसाठी १० किलोओहम वा त्याहून अधिक मूल्ये प्रचलित आहेत. अंतिम निवड डोळ्यांनी, खोलीतील नेहमीच्या उजेडात दिवा पाहून केली जाते.

मोठ्या प्रमाणाच्या बागेतील रेल्वेत रुळांवर २० व्होल्टांच्या आसपास दाब असू शकतो. तेथे तोच १ किलोओहमचा रोधक वापरल्यास धारा सुमारे १५.४ मिलिअँपिअर आणि रोधकावरील उष्णता जवळजवळ पाव वॅट होते. पाव वॅटचा रोधक तेथे आपल्या मर्यादेला पोहोचतो. म्हणून एका प्रमाणासाठी ठरवलेले मूल्य दुसऱ्या प्रमाणात नव्याने गणना केल्याशिवाय वापरले जात नाही.

रोधक एलईडीच्या धन बाजूला असो वा ऋण बाजूला, परिणाम सारखाच होतो. काही जण निळ्या तारेवर एकच रोधक बसवून पुढचा व मागचा दोन्ही एलईडी त्यावर चालवतात. एका वेळी एकच दिवा लागत असेपर्यंत ही युक्ती चालते. दोन्ही दिवे एकत्र लावल्यास धारा विभागली जाऊन दोन्ही मंद होतात. त्यामुळे प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रोधक देणे अधिक चांगले मानले जाते.

एका तारेवर अनेक एलईडी

एकाच फंक्शन तारेवर दोन एलईडी हवे असल्यास ते एकसर किंवा समांतर जोडता येतात. दोन लाल एलईडी एकसर जोडल्यास त्यांच्यावर मिळून सुमारे ४ व्होल्ट दाब राहतो आणि २.२ किलोओहमच्या एका रोधकाने सुमारे ३.९ मिलिअँपिअर धारा मिळते. दोन्ही एलईडींतून एकच धारा वाहत असल्याने त्यांचे तेज सारखे राहते.

तीन पांढरे एलईडी एकसर जोडण्यात मात्र अडचण येते. जर्मन इंजिनांच्या पुढील भागावर त्रिकोणी मांडणीत तीन पांढरे दिवे असतात, त्यामुळे हा मोह तेथे अधिक होतो. तीन एलईडींवर मिळून ९.६ व्होल्ट खर्च होतात आणि १२.६ व्होल्टांपैकी रोधकासाठी केवळ ३ व्होल्ट उरतात. रुळांवरील दाब १४ वरून १२ व्होल्टांवर आला, तर रोधकावर फक्त १ व्होल्ट राहतो आणि धारा एक-तृतीयांशावर येते. दाबात थोडा फरक पडला तरी दिव्याचे तेज पुष्कळ बदलते. अशा वेळी तीनही एलईडी समांतर, परंतु प्रत्येकी वेगळ्या रोधकासह जोडले जातात.

एकाच सामाईक रोधकावर समांतर एलईडी जोडणे टाळले जाते. दोन एलईडींचा दाब तंतोतंत सारखा नसतो. कमी दाबाचा एलईडी अधिक धारा ओढतो आणि दुसरा मंद दिसतो. लाल आणि पांढरा एलईडी असे जोडल्यास पांढरा बहुधा लागतच नाही.

सॉकेट आणि निळ्या तारेचा अभाव

अनेक इंजिनांत डिकोडर सॉकेटमध्ये बसवायची सोय असते. एनईएम ६५२ या आठ खुंट्यांच्या सॉकेटमध्ये निळी सामाईक तार सातव्या खुंटीवर असते. हा डिकोडर उलटा बसवल्यास रुळांच्या दोन तारांची तसेच मोटारीच्या दोन तारांची आपसात अदलाबदल होते, तर निळी तार हिरव्या तारेच्या जागी जाते. परिणामी इंजिन उलट्या दिशेने चालते आणि दिवे लागत नाहीत. सहसा नुकसान मात्र होत नाही.

एनईएम ६५१ या सहा खुंट्यांच्या सॉकेटमध्ये निळ्या तारेसाठी जागाच नाही. तेथे दिव्यांचे दुसरे टोक थेट एका रुळाच्या तारेला जोडलेले असते. अशा जोडणीत तो रूळ धन असतानाच्या अर्धतरंगांतच वीज वाहते. त्यामुळे दिवा निळ्या तारेच्या जोडणीपेक्षा मंद दिसतो. डिकोडरवर निळ्या तारेचा बिंदू उपलब्ध असल्यास तेथून वेगळी तार काढून ही उणीव दूर करता येते. पुढील काळात आलेल्या २१एमटीसी, प्लक्स २२ आणि नेक्स्ट १८ या सॉकेटांत अधिक फंक्शनांची सोय आहे. मात्र त्यांतील काही डिकोडरांच्या निवडक फंक्शन खुंट्यांवर केवळ संकेतपातळीचा दाब असतो. त्या खुंट्यांना एलईडी थेट जोडता येत नाही. मध्ये ट्रान्झिस्टर लागतो.

काही जुन्या बदली पट्ट्यांवर १.५ व्होल्टांच्या तंतुदीपांसाठी वेगळे बिंदू असतात. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागत असल्याने तो तेथे लागत नाही. हा एलईडीचा दोष नसून चुकीच्या बिंदूची निवड असते.

प्रत्यक्ष जोडणी

जोडणीपूर्वी इंजिनातील जुनी दिव्यांची मंडले तपासणे महत्त्वाचे असते. जुन्या अनेक इंजिनांत धातूचा सांगाडा एका रुळाशी जोडलेला असतो आणि बल्बचे एक टोक सांगाड्यावरच टेकवलेले असते. अशा बल्बच्या जागी निळी तार आल्यास एकदिशकारी सेतूचे धन टोक थेट रुळाशी जोडले जाते आणि सेतू जळू शकतो. म्हणून जुनी जोडणी पूर्ण काढून मल्टिमीटरने खात्री केली जाते. दिव्यांचे एकही टोक आणि मोटारीचे एकही टोक सांगाड्याशी किंवा रुळाशी जोडलेले नसावे.

जोडणीचा क्रम साधारणपणे असा असतो.

१. एलईडीची ध्रुवता आणि तेज इंजिनाबाहेर, रोधकासह, ९ व्होल्टांच्या बॅटरीवर तपासले जाते.
२. एलईडीच्या एका पायाला रोधक डाखला जातो. डाखणीचा स्पर्श काही सेकंदांपुरताच ठेवला जातो, कारण अधिक उष्णतेने एलईडी बिघडतो.
३. प्रत्येक सांध्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवली जाते. चिकटपट्टी कालांतराने सुटत असल्याने ती पुरेशी मानली जात नाही.
४. निळी तार धनाग्राकडे आणि पांढरी किंवा पिवळी तार ऋणाग्राकडे जोडली जाते.
५. न वापरलेल्या तारांची उघडी टोके स्वतंत्रपणे झाकली जातात.
६. कवच बसवण्यापूर्वी इंजिन प्रोग्रॅमिंगच्या रुळावर ठेवून पत्ता वाचला जातो. या रुळावर धारा मर्यादित असल्याने जोडणीत चूक असली तरी डिकोडर वाचण्याची शक्यता अधिक असते.

एलईडी उलटा जोडला गेल्यास तो लागत नाही. रोधक धारा मर्यादित ठेवत असल्यामुळे तो बहुधा जळतही नाही. टोके बदलली की दिवा लागतो. कवचाच्या आतून प्रकाश झिरपत असल्यास आतील बाजूस काळा रंग दिला जातो. काही जण त्यासाठी ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवतात. ती वीजवाहक असल्याने उघड्या सांध्याला टेकल्यास मंडल लघुपथित होते.

सीव्ही आणि प्रकाशाचे परिणाम

डिकोडरमधील बदलता येणाऱ्या मूल्यांना कॉन्फिगरेशन व्हेरिएबल, संक्षेपाने सीव्ही, म्हणतात. दिव्यांच्या दृष्टीने सीव्ही २९ विशेष महत्त्वाचा आहे. त्यातील एक अंक डिकोडरने वेगाच्या १४ पायऱ्या मानाव्यात की २८, हे ठरवतो. १४ पायऱ्यांच्या पद्धतीत दिव्याचा आदेश वेगाच्या संदेशातच गुंफलेला असतो. नियंत्रक २८ पायऱ्यांचे संदेश पाठवत असताना डिकोडर १४ पायऱ्यांवर ठेवलेला असल्यास, वेग वाढवताना शिरोदीप एकाआड एक पायरीवर लागतो आणि विझतो. हा दोष सैल तारेचा समजून अनेकदा इंजिन विनाकारण उघडले जाते. प्रत्यक्षात एका सीव्हीचे मूल्य बदलले की तो दूर होतो.

सीव्ही ३३ ते ४६ या मूल्यांनी कोणत्या कळेवर कोणती फंक्शन तार चालू व्हावी हे ठरते. या मांडणीचे पालन करणाऱ्या डिकोडरमध्ये सीव्ही ३३ चे मूल्य १ असल्यास पुढे जाताना पांढरी तार चालू होते. तेथे ५ लिहिल्यास पांढऱ्यासोबत हिरवी तारही चालू होते, कारण ५ म्हणजे १ आणि ४ यांची बेरीज होय. लुकलुकणे, हळूहळू उजळणे, मंद होणे इत्यादी परिणामांचे सीव्ही मात्र निर्मात्यानुसार बदलतात.

डिकोडर दिवा मंद करतो तो दाब कमी करून नव्हे, तर वीज अतिशय जलद गतीने चालू-बंद करून. प्रत्येक चालू क्षणी एलईडीवर पूर्ण दाबच येतो. म्हणून सीव्हीद्वारे तेज कमी केले तरी रोधक वगळता येत नाही.

सीव्ही वाचताना डिकोडर क्षणभर जादा धारा ओढून उत्तर देतो. एनएमआरएच्या मानकानुसार ही वाढ निदान ६० मिलिअँपिअरची असते आणि ती सहसा मोटारीतून घेतली जाते. मोटार नसलेल्या, केवळ दिव्यांसाठीच्या डिकोडरला काही मिलिअँपिअरचेच एलईडी जोडलेले असल्यास ही वाढ पुरेशी होत नाही. त्यामुळे तो आदेश पाळतो, पण वाचनाला उत्तर देत नाही. अशा वेळी तात्पुरता रोधक किंवा तंतुदीप जोडून वाचन केले जाते.

लुकलुक आणि धारित्र

तंतुदीपाचा तंतू तापलेला असल्याने वीज क्षणभर खंडित झाली तरी त्याचा प्रकाश लगेच जात नाही. एलईडी मात्र तत्क्षणी विझतो. त्यामुळे रुळांवरील धूळ, मळलेली चाके किंवा काट्यांवरील निर्वीज तुकडे यांचे परिणाम एलईडीत स्पष्ट दिसतात. रूळ व चाके स्वच्छ ठेवणे हा यावरचा पहिला उपाय आहे. दुसरा उपाय म्हणजे धारित्र, म्हणजेच कपॅसिटर, जोडून थोडी वीज साठवणे.

प्रवासी डब्यातील प्रकाशासाठी डिकोडर नसला तरी चार डायोडांचा सेतू, धारित्र, रोधक आणि एलईडी एवढ्यावर काम भागते. ४७० मायक्रोफॅरडचे धारित्र आणि १ किलोओहमचा रोधक यांचा कालस्थिरांक ०.४७ सेकंद, तर १० किलोओहमचा ४.७ सेकंद असतो. म्हणजे रोधक जितका मोठा, तितका दिवा वीज खंडित झाल्यावर अधिक काळ टिकतो. मंद प्रकाशाचा डबा या दृष्टीनेही सोयीचा ठरतो. धारित्राला ध्रुवता असते आणि एचओ प्रमाणासाठी ते निदान २५ व्होल्ट क्षमतेचे घेतले जाते.

रिकामे धारित्र वीज मिळताच मोठी धारा ओढते. दहा-बारा डब्यांची गाडी रुळांवर असताना वीज सुरू केल्यास सर्व धारित्रे एकदम भरू लागतात. नियंत्रकाला तो लघुपथ भासून पुरवठा पुन्हा बंद पडतो. हे टाळण्यासाठी धारित्राच्या मार्गात सुमारे १०० ओहमचा रोधक घातला जातो आणि त्याला समांतर डायोड जोडला जातो. धारित्र रोधकातून हळू भरते, पण डायोडातून निर्वेधपणे वीज परत देते.

प्रत्यक्ष रेल्वेतील प्रकाशयोजनेचे अनुकरण

मॉडेलमधील फंक्शनांची वाटणी प्रत्यक्ष रेल्वेच्या प्रथेनुसार केली जाते. अमेरिकेत सार्वजनिक फाटकांवरून ताशी २० मैलांहून अधिक वेगाने जाणाऱ्या गाडीच्या आघाडीच्या इंजिनावर शिरोदीपाखेरीज दोन साहाय्यक दिवे आवश्यक आहेत. बहुतेक इंजिनांवर ते खालच्या बाजूला असतात आणि काही रेल्वे कंपन्या फाटकाजवळ शिट्टी वाजताना ते आलटून-पालटून चमकवतात. मॉडेलमध्ये त्यासाठी हिरवी व जांभळी अशा दोन स्वतंत्र तारा वापरून डिकोडरमधील आळीपाळीच्या चमकेचा परिणाम निवडला जातो.

भारतीय रेल्वेच्या इंजिनांवर शिरोदीपासोबत पांढरे व लाल खुणेचे दिवे आणि आणीबाणीत चालकाने लावायचा पिवळा फ्लॅशर दिवा असतो. अशा इंजिनाच्या प्रतिकृतीत दोन्ही टोकांच्या शिरोदीपांना पांढरी व पिवळी तार, आणि फ्लॅशरला लुकलुकीचा परिणाम दिलेली हिरवी तार देता येते. खुणेच्या दिव्यांसाठी उरलेल्या तारा लागत असल्याने किमान सहा फंक्शनांचा डिकोडर सोयीचा ठरतो. गाडीच्या अखेरच्या डब्यावरील लुकलुकणाऱ्या लाल दिव्यासाठी त्या डब्यात स्वतंत्र फंक्शन डिकोडर किंवा लुकलुकीचे छोटे मंडल बसवले जाते.

नेहमीचे दोष आणि त्यांची कारणे

- दिवा लागतच नाही : एलईडी उलटा जोडलेला असणे, निळ्या तारेऐवजी भलती तार जोडलेली असणे किंवा एफ-० कळ बंद असणे.
- दिवा वेगानुसार लागतो-विझतो : सीव्ही २९ मधील वेगपायऱ्या आणि नियंत्रकावरील वेगपायऱ्या न जुळणे.
- दिवा बंद असतानाही अंधुक प्रकाश दिसतो : ट्रान्झिस्टरमधून सूक्ष्म धारा गळणे. कार्यक्षम एलईडी तेवढ्यावरही प्रकाशतो. एलईडीला समांतर रोधक जोडल्यास हा प्रकाश नाहीसा होतो.
- पुढचा व मागचा दिवा उलट लागतात : पांढऱ्या व पिवळ्या तारांची अदलाबदल. मोटारही उलट चालत असल्यास नारिंगी व करड्या तारांचीही अदलाबदल झालेली असते.
- दिवा एकदाच तीव्रतेने चमकून विझतो : रोधक नसणे किंवा त्याचे मूल्य फार कमी असणे.
- कवच बसवल्यावरच नियंत्रक लघुपथ दाखवतो : उघडा सांधा किंवा तार सांगाड्याला टेकणे, अथवा तार कवचाखाली चिमटणे.

शेवटच्या दोषात वीज पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणे हे डिकोडर जळण्याचे नेहमीचे कारण असते. अशा वेळी इंजिन रुळांवरून उचलून, कवच काढून, निळी तार व सांगाडा यांच्यातील संबंध मल्टिमीटरने तपासल्यानंतरच पुढील चाचणी केली जाते.